वैनी, पुढं काय लिवलंय?

मी पुस्तकं लिहिते हे आमच्या गावानं फार लवकर मान्य केलं. कशाला लिहिते, हे मात्र अजून कुणाला पटलेलं नाही. पहिली कादंबरी छापून आली तेव्हा शेजारच्या जाऊबाईंनी ती उलटीपालटी करून बघितली आणि विचारलं, "पेपरला येतंय का ह्यातलं काई?" नाही म्हणल्यावर त्यांनी पुस्तक खाली ठेवलं. "मंग पोरं वाचतील कावून?" बाईचं काही चुकलं नव्हतं. आमच्याकडं छापील पुस्तक म्हणजे एक तर पोथी, नाही तर दहावीचं गाईड. ह्या दोन्हींत न बसणारी वस्तू घरात ठेवायची कुठं, हाच प्रश्न असतो.

मी लिहिते ते बारा-तेरा ते सतरा-अठरा वयाच्या पोरापोरींसाठी. पुण्याकडं त्याला कुमार साहित्य म्हणतात. आमच्याकडं ह्या वयाला नावच नाही. पोरगं लहान असतं, मग एकदम कामाचं होतं. पोरगी लहान असते, मग एकदम द्यायची होते. मधली वर्षं कुणाच्या खिजगणतीत नसतात, आणि मला नेमकं त्याच वर्षांचं वेड. मी आता पन्नाशीला टेकले, तरी मला विचाराल तर आतून मी अजून नववीतच आहे. आमचे हे म्हणतात, "म्हणून तर तुझं गणित कच्चं हाय."

माझं माहेर कडा गावचं. साखर कारखान्याचं गाळप सुरू झालं की सगळ्या गावाला मळीचा वास यायचा, आणि त्या वासातच आम्ही पोरी शाळेला जायचो. बारावी झाले, लग्न झालं आणि इकडं गेवराई तालुक्यात, चकलांब्याच्या अलीकडच्या एका गावात आले. येताना हट्टानं शिलाई मशीन घेऊन आले. ब्लाऊज शिवायला टाकणाऱ्या बायका माप देऊन निघून जात नाहीत, बसतात, बोलतात. तिथंच मला लिहायची खोड लागली असं मी चारचौघांत सांगते. खरं सांगायचं तर मला राग आला म्हणून मी लिहायला लागले. माझी लेक आठवीत असताना शाळेच्या कपाटातलं एक पुस्तक घेऊन आली. त्यातली पोरं सुट्टीत मामाच्या बंगल्यावर जाऊन चोर पकडत होती. लेक म्हणाली, "आई, आपल्याकडं चोर कावून येत न्हाईत गं?"

"न्यायला काय हाय म्हणून येतील?" मी म्हणलं. पण दिवसभर ते डोक्यातून जाईना. आमच्या पोरींनी चोर पकडायचे नाहीत, बंगल्यावर जायचं नाही, म्हणजे गोष्टीत यायचंच नाही का काय? त्याच आठवड्यात मी पाठकोऱ्या कागदांवर लिहायला बसले.

पहिलं पुस्तक दोन ठिकाणांहून साभार परत आलं. तिसऱ्या ठिकाणी, पुण्यातल्या एका प्रकाशक बाईंनी ते ठेवून घेतलं आणि फोन केला. "छान आहे हो. फक्त पोरांच्या तोंडची बोली थोडी कमी करता येईल का?"

"करते की," मी म्हणलं. "पोरं जरा कमी बोलतील." बाई हसल्या आणि विषय तिथंच संपला. त्यानंतर आजपर्यंत त्यांनीच माझी सगळी पुस्तकं काढली. एखाद्या शाळेत बोलवतात. मुख्याध्यापक माझी ओळख 'बालकवयित्री' अशी करून देतात, पोरांना 'गप बसा रे' म्हणून दम भरतात आणि ऑफिसात जाऊन चहा पितात. मी आयुष्यात एकही कविता केलेली नाही. सांगून सांगून थकले, आता नारळ घेते आणि गप बसते.

माझी लिहायची पद्धत जरा वेगळी आहे. दुपारी शाळा-कॉलेजातून आलेल्या चार-दोन पोरी माझ्या पडवीत ब्लाऊजला हुका लावायला, साडीला फॉल टाचायला येतात. त्यांचे हात गुंतलेले असतात आणि कान मोकळे असतात. मी मशीन बंद करून सकाळी लिहिलेलं वाचून दाखवते. कुणाला 'कसं वाटलं' असं विचारत नाही, कारण पोरी तोंडावर 'छान हाय काकू' म्हणून मोकळ्या होतात. मी फक्त त्यांच्या सुयांकडं बघते. सुई चालूच राहिली तर ते प्रकरण पाण्यात गेलं. सुई मधेच थांबली, दोरा हातात तसाच राहिला, तर समजायचं की काहीतरी जमलंय. ह्या परीक्षेपुढं पुण्याचा संपादकही मला सोपा वाटतो.

आता मुख्य भानगडीकडं येते.

पहिल्या पुस्तकात मी गावाला एसटी आणली होती. माझ्या नायिकेला तालुक्याच्या शाळेत जायचं होतं, ती पायी किती चालणार? म्हणून आणली. पुस्तक आलं आणि वर्षाच्या आत आमच्या गावाला खरोखर एसटी सुरू झाली. त्याच्यामागं सरपंचाचे अर्ज होते, पोरींच्या पासाचं काहीतरी होतं. ते सगळं राहिलं बाजूला. पारावर बोलणं झालं, "काकूनं लिवलं आन यष्टी आली." मी हसले. मग दुसऱ्या पुस्तकात मी शाळेची मागची भिंत पाडली, आणि त्याच पावसाळ्यात एका रविवारी आमच्या शाळेची मागची भिंत पडली. अहो, ती भिंत वाकलेली होती! येता-जाता दिसत होती म्हणून तर मी लिहिलं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला, ह्यापलीकडं त्यात काही नव्हतं. पण ऐकतो कोण? गावात पक्कं झालं की हिच्या हाताला गुण आहे, ही लिहिते ते घडतं.

एक आजीबाई सुनेला पोरगा झाल्याचं लिहून मागायला आल्या. एकानं बोअरला पाणी लागल्याचं मागितलं. आमच्या भागातले एक पुढारी तर गाडी थांबवून आत आले. "वैनी, आमच्यावरबी एखादं पान लिवा की. जिल्हा परिषदेचं."

"लिहिते की," मी म्हणलं, "पण माझ्या पुस्तकात पुढारी तिसऱ्या पानावरच आपटतो." ते घाईनं उठले. चहासुद्धा अर्धा राहिला. मला ह्या सगळ्या प्रकाराची मनापासून चीड होती. मी रात्रंदिवस डोकं फोडून पोरांसाठी गोष्ट लिहायची, आणि लोकांनी तिच्याकडं पोपटाच्या चिठ्ठीसारखं बघायचं! आलेल्या प्रत्येकाला मी तोंडावर सांगायचे की असलं काही नसतं. लोक मान डोलवायचे आणि जाताना हळूच विचारायचे, "बरं, पुढं काय लिवलंय?"

पडवीत येणाऱ्या पोरींमध्ये एक मेंढपाळाची लेक होती. गावाच्या कडेला त्यांचं घर. बाप मेंढरं घेऊन उन्हाळ्यात गोदाकाठाला जायचा, आई आणि ही घरी राहायच्या. दहावीत होती तेव्हा. काटकुळी, बोलायला कमी, पण माझी सगळ्यात कडक परीक्षा तीच. बाकीच्या पोरींच्या सुया कशावरही थांबायच्या. नायिका रडली की थांबल्याच. हिची सुई सहसा थांबत नसे. मला मनातून ती फार आवडायची. एवढी की तिसरं पुस्तक मी तिच्यावरच लिहायला घेतलं. मेंढपाळाची पोरगी, जिचा मेंढरांवर जीव आहे, कोकरू काखेत घेऊन जी अभ्यास करते आणि जिला जनावरांची डॉक्टर व्हायचं आहे. मी तिला विचारायचे, कोकराला ताप आला की काय करतात, मेंढी व्याली की काय घालतात. ती खाली मान घालून सांगायची. सगळ्यांना कळत होतं की नायिका हीच आहे. तिलाही कळत होतं. काही बोलली नाही.

पाचव्या-सहाव्या प्रकरणात मी नायिकेचं लग्न जमवलं. गोष्टीत अडचण नको का? बाप मोठ्या कळपाचा जावई शोधतो, पोरगी अडकते, आता ही सुटणार कशी, असा तो पेच होता. वाचून दाखवलं त्या दिवशी पहिल्यांदा तिची सुई थांबली. मी खूश झाले. दोन-चार दिवसांनी तिची आई दारात आली. एका हातात पेढ्याचा पुडा, दुसऱ्या हातात ब्लाऊजची कापडं.

"ताई, तोंड गोड करा," ती म्हणाली. "तुमी लिवलं आन जमलं बगा. लई मोठा कळप हाय पाव्हण्याचा. सुपारी फुटली की लगेच बार उडवायचा."

बाई आपल्या आनंदात कापडं उलगडत होती. "आन आतून दोन टिपा जास्तीच्या घाला. पोरगी अजून अंगानं भरायची हाय, पुढं उसवता येतील."

मी पंचवीस-तीस वर्षं नवरीचे ब्लाऊज शिवते. हे 'दोन टिपा जास्तीच्या' मी कितीदा ऐकलं असेल आणि कितीदा निमूटपणे त्या घातल्याही असतील. त्या दिवशी मात्र तोंडाला कडू आलं. पोरीची वाढ व्हायची आहे हे आईला माहीत आहे, तिनं ती हिशोबात धरली आहे, आणि ती ब्लाऊजात धरली आहे. वर त्याचं श्रेय मला! माझ्या पुस्तकाला! पेढ्याचा पुडा मी न फोडताच बाजूला सारला.

संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले. बाप दाराबाहेर बसला होता. मला तो वैनी म्हणतो, मी त्याला भाऊजी. माणूस वाईट नाही. दारू नाही, तंबाखू नाही, बायकोवर हात नाही. मी सगळं सांगून बघितलं. वय झालं नाही, गुन्हा आहे, शाळेतल्या बाई म्हणतात पोरगी हुशार आहे. तो शांतपणे ऐकत होता. "वैनी, सगळ्यांचं असंच व्हतंय," एवढंच म्हणाला. गाढवापुढं वाचली गीता! मी रागानं उठले. फाटकापाशी पोचले तेव्हा त्यानं मागून हाक मारली.

"वैनी, एक सांगा. पुस्तकात पुढं काय लिवलंय?"

मी थांबले. नेहमीचं उत्तर तोंडावर आलं होतं की असलं काही नसतं भाऊजी, ती नुसती गोष्ट असते. पण मागं अंगणातल्या चुलीपाशी ती पोरगी भाकरी थापत होती आणि तिचा हात परातीत थांबला होता. मी म्हणलं, "उद्या दुपारी या. वाचून दाखवते."

पहाटे उठून मशीनवर कागद ठेवले आणि लिहायला बसले. गोष्टीत मी दुसरंच काही ठरवलं होतं. ते बाजूला सारलं. सुपारी फुटते आणि आठवड्याच्या आत मेंढरांच्या खुरात रोग पडतो, असं लिहिलं. निम्मा कळप बसतो. पाव्हणे म्हणतात, पोरीचा पाय वाईट. बाप म्हणतो, घाई माझी वाईट. लिहिताना मला स्वतःचीच लाज वाटत होती आणि हात मात्र झपाझप चालत होता. दुपारी तो आला, उंबऱ्यावर बसला, काठीवर हनुवटी टेकवून सगळं ऐकलं. संपल्यावर पायताण घातलं आणि गेला.

पुढच्या बाजाराच्या दिवशी आई कापडं परत न्यायला आली. "बारावी होईस्तोवर थांबायचं म्हणलेत. पाव्हणेबी थांबतो म्हणले." जाताना दारात वळून म्हणाली, "तुमीच जमवलं ताई, तुमीच मोडलं." राग होता, पण थोडी भीतीही होती. त्या भीतीचं मला जास्त वाईट वाटलं.

मी आनंदी होते, खोटं कशाला बोलू. रस्त्यानं गाणं म्हणत चालावं इतकी आनंदी होते. पोरगी दहावी पास झाली, एसटीनं गेवराईला कॉलेजात जायला लागली. पण आत काहीतरी टोचत होतं. माझं पुस्तक जिंकलं ते पुस्तक म्हणून नाही, अंगारा म्हणून. घरात तर थट्टेला ऊत आला. हे म्हणाले, "तू तर देवऋष्याच्या वरताण निघालीस. आता मशीनवर लिंबू-मिरचीबी ठिव विकायला."

आणि खरा त्रास पुढंच होता. बाप गावात असला की दर आठवड्याला येऊन उंबऱ्यावर बसायला लागला. "वैनी, पुढं काय लिवलंय?" आता मी काय लिहिणार? नायिकेला पास केलं आणि ही नापास झाली तर? नायिकेला शहरात पाठवलं आणि बापानं घाबरून हिचं कॉलेजच बंद केलं तर? एका प्रकरणात नायिकेला ताप यायला हवा होता. गोष्टीला तो लागतच होता, त्याशिवाय पुढचं हलत नव्हतं. पेन हातात धरून मी कितीतरी वेळ बसले आणि ताप काही लिहिला नाही. पोरगी समोर हुका लावत बसली होती, तिला उगाच काही व्हायला नको! गावाला आयुष्यभर नावं ठेवली, आणि शेवटी मीही त्याच गावातली निघाले.

कादंबरी लांबत गेली. प्रकाशक बाईंचा फोन यायचा. "अहो, नायिका अकरावीत गेली, बारावीत गेली, आता काय पेन्शनीत काढणार आहात का तिला?" मी म्हणायचे, थोडं राहिलंय. पडवीत वाचायचे तर सगळ्या सुया सरळ चालत राहायच्या. एक नवी पोरगी, आठवीतली, तोंडावर बोलून गेली, "काकू, हिला कवाच काई व्हत न्हाई वो!" सगळ्या हसल्या. मेंढपाळाची लेक तेवढी हसली नाही, दोरा तोडून पुढचं ब्लाऊज घेतलं.

असं करत बारावीची परीक्षा झाली. उन्हाळा लागला. बाप ह्या वेळी कळप मेव्हण्याच्या हवाली करून गोदाकाठावरून लवकर परत आला आणि घरी न जाता आधी माझ्याकडंच आला. अंगावर धूळ, खांद्यावर घोंगडं. पडवीत बाकी कुणी नव्हतं, शाळेच्या परीक्षा चालू म्हणून पोरी येत नव्हत्या. फक्त तीच होती, खिडकीपाशी फॉल टाचत.

"वैनी, बारावी झाली. मुदत भरली," तो उंबऱ्यावर टेकत म्हणाला. "पाव्हण्यांचा फोन आलता. ईतवारी येतेत. व्हय म्हणायचं का न्हाई, तेवढं सांगा. काय लिवलंय?"

मी ह्या दिवसाची तयारी करून ठेवली होती. शेवटचं प्रकरण लिहून तयार होतं. नायिकेला परभणीला जनावरांच्या डॉक्टरकीला प्रवेश मिळतो, बाप स्वतः तिला सोडायला जातो, जाताना कळपातलं लाडकं कोकरू तिच्या मागं धावत येतं. मला स्वतःला तो शेवट फार आवडला होता, लिहिताना डोळे भरून आले होते. वाटलं, एवढं ऐकलं की भाऊजी ईतवारी नाही म्हणणार. मी चष्मा लावला. कागद सरळ केले.

"काकू, थांबा," ती म्हणाली.

तिनं साडी बाजूला ठेवली, सुई पिनकुशनला खोचली. मग बापाकडं वळली. आवाज कापत होता, पण मोठा होता. "बाबा, पुस्तकात काय का असंना. मला इतक्यात लगीन करायचं न्हाई."

बाप गोंधळला. माझ्याकडं बघायला लागला, जणू हे मीच लिहिलंय. "मंग ह्या आधी कावून न्हाई बोललीस?"

"तुमी इचारलं का?" ती म्हणाली. "दोन वर्सं झाली, दर आठ दिवसाला इथं येऊन इचारता, पुढं काय, पुढं काय. काकूला इचारता. पुस्तकाला इचारता. त्या पुस्तकातली पोरगी मीच हाय म्हणता ना? मंग मी घरातच असते की, दोन टाईम ताटात वाढते तुमाला. मला एकदा तरी इचारलं का?"

मला वाटलं, शाब्बास गं माझ्या वाघिणी. मनातल्या मनात मी टाळ्याही वाजवल्या. तेवढ्यात ती माझ्याकडं वळली.

"आन काकू, तुमीबी न्हाई इचारलं."

"मी?"

"कोकराला ताप आला तर काय करतात ते इचारलं. मला काय वाटतंय ते कवा इचारलं? मला न्हाई व्हायचं जनावरांची डॉक्टर. मला मेंढरं आवडतच न्हाईत. वासच सोसत न्हाई मला त्यांचा. तुमी एवढ्या मायेनं वाचायच्या, म्हणून बोलले न्हाई."

दोन वर्षांची कादंबरी माझ्या मांडीवर होती. त्यातल्या प्रत्येक प्रकरणात एक तरी कोकरू होतं.

"मंग काय व्हायचंय तुला?" मी विचारलं.

"ते अजून ठरलं न्हाई," ती म्हणाली. "ठरवायला येळ पायजे. तोच मागतेय."

बाहेर ऊन रणरणत होतं. रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला. बापानं घोंगडं खांद्यावरून काढून बाजूला ठेवलं. डोक्यावरून हात फिरवला. तो चिडेल, उठेल, हाताला धरून तिला घरी नेईल, असं काय काय मला वाटून गेलं आणि मी उठून तिच्या जवळ सरकले. तो उठला नाही. पोरीकडं बघत राहिला, कधी नव्हं ते नीट बघत राहिला. चेहरा उतरलेला होता.

"पाव्हण्यांना न्हाई म्हणून सांगतो, ते ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "पण मेंढरं कावून आवडत न्हाईत गं तुला?"

पोरगी क्षणभर बावरली. मग सांगायला लागली. लहानपणी पावसात कळपाच्या मागं रात्री काढलेल्या, शाळेत पोरींनी नाक दाबून हसलेलं, उन्हाळ्याच्या सुट्टीत बाप कधीच घरी नसायचा ते, एकेक सांगत गेली. तो ऐकत राहिला. मी हातातले कागद दुमडून मशीनच्या खणात टाकले आणि उंबऱ्यापाशी खाली, त्या बापाशेजारी, ऐकत बसले.